सहकारी बँकेचा दंड

१९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या जन्मल्या, तेव्हां त्यांच्यावर निबंधकाचीच नजर असे. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांच्या वह्या रिझर्व्ह बँकहि तपासूं लागली. डोंबिवली नागरी (१९७०), ठाणें जनता (१९७२) व कल्याण जनता (१९७३) या चाकरमान्यांच्या गांवांतील बँकांना हे दोन धनी आरंभापासूनच होते.

नियमभंग आढळल्यास रिझर्व्ह बँक आधीं नोटीस देते, म्हणणें ऐकते, मग ४७-अ कलमान्वयें दंड करते. ग्राहकांच्या व्यवहारांच्या वैधतेवर हा निर्णय नव्हे, असेंहि पत्रकांत सांगते. ठेवीदाराचा जीव तेवढ्यानें भांड्यांत पडतो. परंतु दंड भरतो कोण? बहुधा कारभारी नव्हे, बँक. आणि सहकारांत बँक म्हणजे तिचे सभासद. कसूर एकाची, झीज सर्वांच्या नफ्याला! दंडाची रक्कम वार्षिक अहवालाच्या टिपांत छापावी लागते. सभेंत मात्र बहुतेकांची दृष्टि लाभांशाच्या ओळीवर खिळलेली असते.