गालिचा धुताना लॅमिनेट फ्लोअरिंग का फुगते? ते कसे टाळावे?

लॅमिनेट फ्लोअरिंग लाकडासारखे दिसत असले, तरी ते अखंड लाकूड नसते. त्याचा गाभा लाकडाचे बारीक तंतू आणि राळ एकत्र दाबून बनवलेला असतो. त्यावर लाकडाची नक्षी छापलेला कागद आणि सर्वांत वर मेलामाइनचा पारदर्शक, कठीण थर असतो.

पाणी नेमके शिरते कुठून?
वरच्या थरातून पाणी सहसा आत जात नाही. ते दोन फळ्यांच्या सांध्यांतून आणि भिंतीलगत सोडलेल्या फटीतून शिरते. गाभ्यातले तंतू ते शोषतात आणि फळ्यांच्या कडा फुगतात. एकदा चांगल्याच फुगलेल्या कडा वाळल्यावरही सपाट होत नाहीत. वरची नक्षी कागदाची असल्याने त्या घासून सारख्याही करता येत नाहीत. फळीच बदलावी लागते.

गालिच्यामुळे धोका का वाढतो?
उघड्या जमिनीवर सांडलेले पाणी लगेच दिसते आणि पुसले जाते. गालिच्याखालची ओल मात्र दिसत नाही. कार्पेट धुण्याचे मशीन पाणी फवारून परत खेचते, पण सगळे नाही. वरून कोरडा लागणारा गालिचा खालून तासन्‌तास ओला राहू शकतो.

काय काळजी घ्यावी?
• सुटा गालिचा उचलून गच्चीवर किंवा बाल्कनीत धुवावा. सर्वांत सुरक्षित उपाय हाच.
• गालिचा हलवता येत नसेल, तर आधी व्हॅक्यूम करून घ्यावा. नंतर त्याखाली कडांच्या बाहेर येईल असे जाड प्लास्टिक आणि त्यावर जुने टॉवेल पसरावेत.
• पाणी कमीत कमी वापरावे. एकदा फवारल्यावर त्याच जागी दोन-तीनदा नुसते पाणी खेचून घ्यावे.
• शेजारच्या खोलीतले भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट धुताना उंबऱ्याशी टॉवेलची गुंडाळी ठेवावी.
• काम होताच प्लास्टिक काढावे, नाहीतर ओल त्याखालीच कोंडते. जमीन कोरड्या फडक्याने पुसून पंखा लावावा.
• गालिचा उलटा करून हाताने तपासावा. खालची बाजू पूर्ण कोरडी झाल्यावरच तो पुन्हा अंथरावा. पावसाळ्यात दमट हवेमुळे याला जास्त वेळ लागतो.

पाणी सांडलेच तर?
ते लगेच टिपून घ्यावे, विशेषतः सांध्यांवरचे. वाळवण्यासाठी वाफेचा मॉप मुळीच फिरवू नये. वाफही सांध्यांतून आत शिरते.