रझाकार, पोलीस ॲक्शन आणि शाळेतली एक शिवी

आजचा भाग जरा जड आहे, पण आपल्याच मातीतला आहे. हेडफोन लावून शांतपणे ऐका.

मी आठवीत होतो. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. धारूरला शाळेत झेंडावंदन झालं, सरांनी रझाकारांचे अत्याचार सांगितले. मधल्या सुट्टीत क्रिकेटवरून भांडण झालं आणि मी माझ्या वर्गमित्राला म्हणालो, "ए रझाकारा!" तो मुसलमान होता. तो काहीच बोलला नाही, बॅट ठेवून घरी गेला. ते आजही आठवतं, म्हणून हा भाग.

आधी रझाकार म्हणजे कोण ते बघू. १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सोळा जिल्ह्यांचं संस्थान, बहुसंख्य प्रजा हिंदू, राजा मुसलमान. निजामाला भारतात यायचं नव्हतं. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची स्वयंसेवक फौज म्हणजे रझाकार. तिचा पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील. म्हणजे आपल्या शेजारच्याच भागात वकिली करणारा माणूस.

खून, जाळपोळ, लूट, गावंच्या गावं पळाली. माझी आजी सांगायची, तिच्या घरचे बैलगाडीतून रातोरात बार्शीकडे गेले, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. आमच्याकडे म्हातारी माणसं जन्मतारीख सांगत नाहीत, "रझाकारीत मी एवढी होते" असं हाताने दाखवतात. म्हणजे आजींचं दुःख खोटं नाही. हे आधी स्पष्ट सांगतो.

पण शाळेत एक नाव कुणी सांगितलं नव्हतं. शोएबुल्ला खान. हैदराबादला 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवायचा. मुसलमान असून त्याने उघड लिहिलं, की रझाकारांचा रस्ता चूक आहे, संस्थानाने भारतात सामील व्हावं. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याला मारलं. ज्या हाताने लिहायचा तो हात तोडला. वय तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं, म्हणजे जवळपास माझ्याएवढाच. धर्माच्या नावाने बंदूक उचलणारा पहिल्यांदा कुणाचं तोंड बंद करतो? तर स्वतःच्याच धर्मातल्या शहाण्या माणसाचं. हे जगात सगळीकडे असंच दिसतं.

मग सरकारने काय केलं? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. पाच दिवसांत, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. यालाच आपण पोलीस ॲक्शन म्हणतो. माझ्या मते ही कारवाई गरजेची होती. सशस्त्र टोळी लोकांना मारत असेल तर सरकारने हात बांधून बसायचं नसतं. रझवीला अटक झाली, खटला चालला, तो १९५७ पर्यंत तुरुंगात होता, नंतर पाकिस्तानात गेला. नाव, गुन्हा, खटला, शिक्षा. हा भाग बरोबर झाला.

आता न सांगितलेला भाग. शरणागतीनंतर गावोगाव सूड उगवला गेला, आणि ज्यांनी रझाकाराचा गणवेश कधी अंगावर घातला नव्हता अशा साध्या मुसलमानांवरही. नेहरूंच्या सरकारनेच चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांचं शिष्टमंडळ पाठवलं. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९४८ मध्ये ते फिरले. त्यांचा अंदाज, पूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडमध्ये. त्याखालोखालच्या यादीत आपलं बीडही आहे. काही ठिकाणी लष्करातले आणि पोलिसांतले लोकही लुटीत होते, असं अहवाल म्हणतो. आणि हेही म्हणतो, की कित्येक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं.

हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. झालं काय, की एका घरात फक्त रझाकारीच्या गोष्टी उरल्या आणि शेजारच्या घरात फक्त पोलीस ॲक्शनच्या. दोन्ही खऱ्या, दोन्ही अर्ध्या. आठवीत मी शिवी दिली ती या अर्ध्या गोष्टीतूनच.

तुम्ही म्हणाल, जुनं कशाला उकरतोस? तर आजचं बघा. आपल्याच जिल्ह्यातला गेवराई तालुका. तिथला जबीउद्दीन अन्सारी, ज्याला अबू जुंदाल म्हणतात. २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात त्याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. २६/११ च्या हल्ल्यातही तपास यंत्रणांनी त्याचं नाव घेतलं. त्याच गेवराईत, अर्धमसला गावात, ३० मार्च २०२५ ला ईदच्या तोंडावर मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. विहीर फोडायला वापरतात तेच जिलेटिन. पोलिसांनी काही तासांत दोघांना पकडलं. पुढचं न्यायालय ठरवेल.

शस्त्रसाठ्याच्या त्या खटल्यात न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं आणि आठ जणांना सोडलं. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. कायदा माणूस मोजतो, जात-धर्म नाही. उलटं उदाहरण मालेगावचं. २००६ च्या बॉम्बस्फोटात नऊ मुसलमान तरुण पकडले, त्यातले बहुतेक पाच वर्षं आत राहिले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने आरोप टिकत नाहीत म्हणून त्यांना या खटल्यातून मोकळं केलं. मेलेल्यांना न्याय नाही आणि आत गेलेल्यांची तरुण वर्षंही गेली. चुकीचा माणूस पकडला म्हणजे खरा माणूस मोकळा राहिला, एवढा साधा हिशोब आहे.

म्हणून सरकारने काय करावं, तर माझं उत्तर तीन गोष्टींचं. एक, गुन्हेगाराला लवकर आणि पुराव्यानिशी पकडा, तो कुणाचाही असो. दोन, त्याचा हिशोब त्याच्या गल्लीकडून, त्याच्या धर्माकडून मागू नका आणि मागणाऱ्या जमावालाही तोच कायदा लावा. तीन, झालेलं सगळं सांगा. लपवलेला अहवाल कुणाचं दुःख कमी करत नाही, फक्त अफवेला जागा करून देतो.

गेल्या वर्षी दिवाळीला गावी गेलो, तेव्हा त्या मित्राला भेटलो. कटिंग चहा घेतला आणि तेव्हाचं बोललो त्याबद्दल माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "तुला आठवतंय अजून? मला वाटलं मलाच आठवतंय." मग त्याने त्याच्या दादीची गोष्ट सांगितली. पोलीस ॲक्शनच्या वेळी शेजारच्या एका पाटलीणबाईने तिला चार दिवस कडब्याच्या गंजीमागे लपवलं होतं. इतकी वर्षं एका वर्गात बसून ही गोष्ट मला माहीतच नव्हती.

तुमच्या घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर मोबाईल रेकॉर्डिंगला लावा आणि विचारा. आणि जमलं तर शेजारच्या घरातही विचारा. भेटू पुढच्या भागात.