पेशव्यांच्या लष्करातला पाद्री

भिवंडीकराला अंजूर फाटा म्हटलं की ट्रक आठवतात. ठाण्याहून गावात शिरणारा माल आणि चिंचोटीमार्गे वसईकडे वळणारा माल इथेच एकमेकांत अडकतो. मी मूळचा वसईचा ख्रिस्ती. नोकरीसाठी भिवंडीत आलो, शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर इथलाच झालो. नाताळला घरी जाताना या फाट्यावर किती वेळ जाईल याचा नेम नसतो. पण ज्या अंजूरच्या नावाने हा फाटा ओळखला जातो, तिथल्या नाईकांच्या वाड्याकडे या गर्दीतला क्वचितच कुणी वळतो.

खरं तर वसईच्या मोहिमेची एक ठिणगी इथली आहे. पोर्तुगीज अमलाखालच्या साष्टी-वसईत हिंदूंच्या सणासमारंभांवर, लग्नामुंजींवर बंधनं होती आणि त्यामागे पाद्र्यांचा जोर होता. हे गाऱ्हाणं घेऊन गंगाजी नाईक अंजूरकर पेशव्यांकडे गेले, पुढे स्वतः मोहिमेत उतरले. १७३७ साली ठाणं पडलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वर्गात हा धडा आला की मागच्या बाकावरची पोरं माझ्याकडे चोरून बघायची. मी सरळ सांगायचो : जाच झाला होता, गंगाजी नाईक खोटं बोलत नव्हते. आणि हेही सांगायचो की वसईच्या शरणागतीच्या तहानुसार मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. युरोपीय पाद्री निघून गेले, गोमंतकीय आणि स्थानिक धर्मगुरूंनी गावं सांभाळली. आमचं घराणं त्याच मागे राहिलेल्यांतलं.

चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून गेल्या. कुठली भीमाशंकरला, कुठली नाशिकला नारोशंकराच्या देवळात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. ही घंटा लक्षात ठेवा, कारण नानांशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

वसई पडल्याला त्रेपन्न वर्षं झाली तेव्हाची, १७९२ सालची गोष्ट. पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते, कारभार नानांच्या हाती होता. पेशव्यांच्या फौजेत दों मिगेल दे नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. त्याने अर्ज केला की हाताखालच्या कॅथलिक शिपायांना प्रार्थनेला जागा हवी. सरकारने शहराच्या पूर्वेला, आज ज्याला क्वार्टर गेट म्हणतात त्या बाजूला सुमारे चार एकर जमीन दिली. गोव्याहून फादर व्हिसेंते जोआकीम मिनेझिस आले. माती आणि चटयांच्या झोपडीत २५ डिसेंबर १७९२ रोजी नाताळचा मिस्सा झाला. पुण्यातलं हे पहिलं चर्च. आज लोक त्याला सिटी चर्च म्हणतात.

म्हणजे पाद्र्यांच्या जाचाविरुद्ध लढून वसई घेणाऱ्या राज्यानेच आपल्या राजधानीत पाद्र्याला जागा दिली. मेणवलीला चर्चची घंटा टांगून ठेवणाऱ्या कारभाऱ्याच्या कारकिर्दीत हे घडलं. पुष्कळजण याला पेशव्यांचा सर्वधर्मसमभाव म्हणतात. मला ते शब्द इथे जड वाटतात. त्याच राज्यात जातीपातीचे नियम किती करडे होते हे आपण जाणतो. फौजेचा हिशेब वेगळा असतो. तोफ डागायला, पायदळाला कवायत शिकवायला फिरंगी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं लागत होती. पानिपतानंतर तर ही गरज वाढतच गेली. अशी माणसं टिकवायची तर नुसता पगार पुरत नाही. माणूस पगारासाठी लढतो, पण मरताना त्याला पाद्री हवा असतो, आणि त्याच्या पोराचा बाप्तिस्मा व्हायला हवा असतो.

काळही तसाच होता. त्याच १७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले, ते फिरंगी सरदारांनी घडवलेल्या पलटणी घेऊन. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाशी लढाई झाली तेव्हा शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ होता आणि समोर निजामाकडे रेमाँ. दोघेही फ्रेंच. एका मातीतली माणसं दोन दख्खनी दरबारांसाठी एकमेकांवर तोफा डागत होती.

अशा फौजेतल्या पाद्र्याचं काम काय असतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. देऊळ बांधून देव बसवला की पूजा सुरू होते, तसं त्याचं नाही. आधी पाद्री येतो, इमारत मागाहून. त्या काळी मिस्सासाठी वेदीवर बिशपांनी पवित्र केलेली एक सपाट शिळा लागायची. आत संताचा अवशेष बसवलेला आणि वरती प्याला व भाकर मावेल एवढीच ती असे. ती एखाद्या मेजावर ठेवली की तिथे वेदी झाली, म्हणूनच छावणी हलली तरी पाद्र्याचं अडत नसे. भाकर गव्हाची, रस द्राक्षाचाच, आणि मिस्साची प्रार्थना लॅटिनमध्ये, जी शिपायांपैकी बहुतेकांना कळत नसणार. मिस्सा ऐकण्यापेक्षा पापनिवेदनाला त्यांची जास्त गर्दी होत असावी असा माझा तर्क आहे, कारण तिथे आपल्या बोलीत बोलता येतं. आणि उरलेलं काम मरणपंथाला लागलेल्याचं : तेल लावायचं, प्रार्थना म्हणायची आणि माती द्यायची.

१८१८ नंतर पुण्यात इंग्रजांची छावणी पडली आणि प्रश्न उलटा झाला. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते आणि ते कॅथलिक. सरकारी पगारावर नेमलेले चॅप्लिन, म्हणजे लष्करी धर्मगुरू, मात्र बहुतेक चर्च ऑफ इंग्लंडचे. कॅथलिक पाद्र्याला जेमतेम भत्ता मिळे. कॅम्पातलं सेंट पॅट्रिक चर्च १८५० साली उभं राहिलं ते याच आयरिश शिपायांसाठी. नावच आयर्लंडच्या संताचं. त्या वेळी मुंबईचा कारभार पाहणारे बिशप अनास्तासियस हार्टमन हे स्वित्झर्लंडचे कपुचिन संन्यासी. कॅथलिक शिपायांचे आणि त्यांच्या पाद्र्यांचे हक्क सरकारने मान्य करावेत म्हणून ते १८५६ मध्ये थेट लंडनला गेले. पेशव्यांकडे एका अधिकाऱ्याच्या अर्जावर जे काम झालं, त्यासाठी कंपनी सरकारकडे बिशपांना समुद्र ओलांडावा लागला. इंग्रजांच्या धार्मिक निःपक्षपातीपणाची तारीफ ऐकली की मला हे हटकून आठवतं.

आमच्याच लोकांतलं एक भांडणही लपवण्यात अर्थ नाही. सिटी चर्च गोव्याच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे पोर्तुगीज राजाश्रयाच्या बाजूचं, तर सेंट पॅट्रिक रोमहून थेट नेमलेल्या बिशपांच्या बाजूचं. एकाच शहरात, एकाच पोपला मानणारी दोन चर्चं वर्षानुवर्षं वेगळ्या धन्यांकडे बघत राहिली. १८८६ साली रोम आणि पोर्तुगालमध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. बाइडर-लिंडेन हे जर्मन जेझुइट त्याचे पहिले बिशप.

झोपडी केव्हाच गेली. सिटी चर्चची आजची वास्तू १८५२ ची आहे. फादर मिनेझिसांचं नाव वसईतही फारसं कुणाला ठाऊक नाही. आम्हाला आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया पाठ असतात, पेशव्यांच्या पदरचा पाद्री मात्र आमच्या कुठल्या धड्यात नव्हता. आमच्या पाठ्यपुस्तकांचा दोष आहे तसा आमच्या पुरोहितांचाही. हुतात्मे आणि संत सांगायला सगळ्यांना आवडतं, शिपायांच्या लग्नाबारशांच्या नोंदी ठेवणारा माणूस मात्र कुणालाच नको असतो.

त्याच्या वारशाची खूण मात्र आहे, आणि ती सरकारी आहे. भारतीय लष्करात आज धर्मगुरूंची भरती होते, तेव्हा पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री यांना सारखाच हुद्दा मिळतो, नायब सुभेदाराचा. पाद्र्याला त्यासाठी पदवी लागते, आणि त्याचं नाव आपल्या बिशपांच्या मान्य यादीत असावं लागतं.