एक ओढा आणि दोन राज्ये

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजधान्या येतात, रणांगणे येतात, तहनामे येतात. खेड्याच्या इतिहासात सांगण्यासारखे ते काय असणार, असे पुष्कळांना वाटते. तथापि आज आम्ही श्रोत्यांना ज्या खेड्याकडे नेणार आहोत, ते इतके लहान आहे की तेथील सगळी माणसे या मंडपाच्या पहिल्या दोन-तीन रांगांत सहज मावतील. जर्मनीतील या खेड्याचे नाव म्योडलारॉइट. वस्ती सुमारे पन्नास. विसाव्या शतकात जर्मनीवर जे जे गुदरले, ते या पन्नास माणसांच्या अंगणातून गेले. म्हणून आम्हांस हे खेडे अभ्यासण्याजोगे वाटते.

प्रथम भूगोल पाहू. जर्मनीच्या मध्यभागी, थोडा आग्नेयेस, फोग्टलांड नावाचा उंचसखल मुलूख आहे. टेकड्या, देवदाराची वने, मधून मधून शेते आणि कुरणे, असे त्याचे रूप आहे. बव्हेरियातील होफ हे शहर येथून जवळ आहे. गावाच्या नावातील शेवटचे ‘रॉइट’ हे पद जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जागेचे वाचक आहे. तेव्हा मूळ वसाहत वन तोडून झाली हे नावच सांगते. गावाच्या मधून एक ओढा वाहतो. त्याचे नाव टानबाख, म्हणजे देवदारांचा ओढा. चांगली उडी मारणारा मुलगा तो सहज ओलांडील, एवढीच त्याची रुंदी. त्याचे पाणी पुढे झाले नदीस मिळते, झाले एल्बेला मिळते आणि एल्बे उत्तर समुद्रास. या भागात निसर्गाने इतके लहान ओढे काढून ठेवले आहेत की, त्यांतील एकाला विशेष महत्त्व यावे असे कोणतेही कारण भूगोलात सापडत नाही.

ते कारण इतिहासात सापडते. सोळाव्या शतकापासून हा ओढा दोन सत्तांची शीव ठरला. दक्षिणेस बायरॉइटच्या मारग्रेव्हांचा मुलूख, उत्तरेस रॉइस घराण्याचा. या रॉइस घराण्याची एक मौज सांगण्यासारखी आहे. त्यातील प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिख असे, आणि ओळख पटावी म्हणून त्यांना क्रमांक देत. १८१० साली बायरॉइटचा प्रदेश बव्हेरियाच्या राज्यात सामील झाला व ओढ्याच्या काठाने नवे शिवेचे दगड बसविले गेले. एका बाजूस बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूस रॉइस संस्थानाची. ते दगड पुढे जे घडले त्या सर्वांचे साक्षी ठरले.

आता या शिवेने गावाचे काय झाले? फारसे काही झाले नाही. अर्ध्या गावाने सारा एका दरबारी भरला, अर्ध्याने दुसऱ्या. बाकी सर्व एक. शाळा आणि खानावळ उत्तरेकडील अर्ध्या गावात होती. तेव्हा बव्हेरियाची मुले रॉइसच्या शाळेत शिकत. रविवारच्या प्रार्थनेसाठी सारे गाव शेजारच्या ट्योपेनला जाई, आणि ते बव्हेरियात. म्हणजे एका राज्यात शिकावे आणि दुसऱ्या राज्यात देवाला नमस्कार करावा, असा रिवाज होता. शेते दोहों काठांस, सोयरिकी दोहों काठांस. १९१८ साली राजे गेले, १९२० साली लहान संस्थाने मिळून थुरिंगिया हा प्रांत झाला. दगड जागीच राहिले आणि लोक त्यांच्यावरून ये-जा करीत राहिले. आपल्याकडे दोन गावांच्या शिवेवर ओढा असला तर त्याच्या पाण्यावर दोन्हीकडची गुरे येतात. तितकेच या सरहद्दीचे महत्त्व होते.

मग दुसरे महायुद्ध आले. जर्मनी पराभूत झाल्यावर कोणी कोणता भाग ताब्यात घ्यावा, याचा करार मित्रराष्ट्रांनी लंडन येथे सप्टेंबर १९४४ मध्ये केला. नवी रेघ ओढण्याचा खटाटोप टाळण्यासाठी त्यांनी जुन्या प्रांतांच्या सरहद्दीच प्रमाण धरल्या. नकाशावर ती मोठी सोयीची गोष्ट होती. बव्हेरिया अमेरिकेकडे, थुरिंगिया रशियाकडे. थुरिंगियात आधी अमेरिकन फौजाच शिरल्या होत्या. जुलै १९४५ मध्ये त्या करारानुसार मागे गेल्या व रशियन सैन्य पुढे आले. अशा रीतीने हाइनरिखांची आणि मारग्रेव्हांची जुनी शीव दोन महासत्तांची शीव झाली. १९४९ साली दोन जर्मन राष्ट्रे स्थापन झाली, आणि टानबाखचा ओढा आंतरराष्ट्रीय राजकारणात जाऊन बसला.

तरीही प्रारंभी परवाने घेऊन ये-जा होत असे. खरा घाव १९५२ साली पडला. त्या वर्षीच्या २६ मे रोजी पूर्व जर्मन सरकारने सरहद्दीसंबंधी हुकूम काढला. सरहद्दीलगत दहा मीटर रुंदीचा पट्टा नांगरून मोकळा ठेवावयाचा, म्हणजे त्यावर उमटलेले पाऊल दिसावे. त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि एकंदर पाच किलोमीटरचा बंदिस्त टापू. त्या टापूत शिरावयाचे तर पूर्व जर्मनीच्या नागरिकालाही परवाना लागे. संरक्षित पट्ट्यात राहणाऱ्यांना रात्री घराबाहेर पडण्याची बंदी झाली. सरकारला जी माणसे भरवशाची वाटली नाहीत, त्यांना पुढच्या काही आठवड्यांत घरादारासह उचलून आत दूरवर नेण्यात आले. साऱ्या सरहद्दीवर अशी आठ हजारांहून अधिक माणसे हलविली गेली. म्योडलारॉइटची घरेही त्यातून सुटली नाहीत. काही माणसे त्याआधीच ओढा ओलांडून पलीकडे निघून गेली. ओढ्यालगतची एक पाणचक्की पुढे जमीनदोस्त झाली.

गावातून प्रथम लाकडी फळ्यांचे कुंपण गेले, मग काटेरी तारा आल्या, आणि १९६६ साली सुमारे सातशे मीटर लांबीची, तीन मीटरांहून उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. रात्री तिच्यावर प्रखर दिव्यांचा झोत असे. बर्लिनची भिंत १९६१ सालची. तिच्या नमुन्याची भिंत या एवढ्याशा गावात आली, म्हणून अमेरिकन लोक याला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले. पश्चिमेकडील काठावर पाहुण्यांच्या मोटारी येऊन उभ्या राहत. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हेही भिंत पाहून गेले. पूर्वेकडील काठावरच्या माणसाला मात्र पलीकडे हात हालवून नमस्कार करण्याचीही मनाई होती. चुलत्याने पुतण्याला पन्नास पावलांवरून पाहावे आणि ओळख दाखवू नये, याहून कठोर शिक्षा कोणत्या न्यायालयाने कोणास दिली असेल असे आम्हांस वाटत नाही. १९७३ साली एका इसमाने शिडी लावून भिंत ओलांडली. येथे साधलेले असे धाडस विरळाच.

येथे कोणी म्हणेल की, राष्ट्राला आपल्या सरहद्दीचे रक्षण करण्याचा अधिकार नाही काय? आक्षेप रास्त आहे. पूर्व जर्मन सरकारही या बंदोबस्ताला पश्चिमेच्या आक्रमणाविरुद्धची तटबंदी असेच म्हणे. परंतु तटबंदी कोणाविरुद्ध आहे, हे तिची तोंडे कोणीकडे आहेत यावरून ठरते. नांगरलेला पट्टा, बंदिस्त टापू, परवाने, हे सारे भिंतीच्या आतील बाजूस, आपल्याच प्रजेच्या वाटेत होते. १९४९ पासून १९६१ पर्यंत सुमारे सत्तावीस लाख माणसे पूर्व जर्मनी सोडून गेली, हा आकडा पाहिला म्हणजे भीती कशाची होती ते उघड होते.

आणखी एक विसंगती ध्यानात घ्यावी. ज्या थुरिंगिया प्रांताची सरहद्द म्हणून हा ओढा महत्त्वास चढला, तो प्रांतच १९५२ साली पूर्व जर्मन सरकारने मोडून त्याचे जिल्हे पाडले. प्रांत कागदावरून गेला आणि त्याची सीमा मात्र पोलादासारखी घट्ट झाली. तात्पर्य, म्योडलारॉइट भूगोलाने तोडले नाही आणि जुन्या इतिहासानेही तोडले नाही. चारशे वर्षे ज्या रेघेने कोणाचे काही बिघडविले नाही, तिलाच सत्तेने हत्यार बनविले.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटला आणखी महिनाभर वाट पाहावी लागली. ९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीत पायी जाण्यापुरती वाट झाली, आणि सदतीस वर्षांनंतर अर्धे गाव उरलेल्या अर्ध्या गावाला भेटले. १९५२ साली जे मूल पाळण्यात होते, ते आता चाळिशीस टेकले होते. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडली गेली. तिचा सुमारे शंभर मीटरांचा तुकडा मुद्दाम राखून ठेवला असून तेथे संग्रहालय झाले आहे. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते तीच सर्वांत बोधप्रद. गाव एक झाले म्हणून शीव पुसली गेली काय? मुळीच नाही. थुरिंगिया प्रांत १९९० साली पुन्हा स्थापन झाला, आणि टानबाख आजही त्याची व बव्हेरियाची सीमा आहे. उत्तरेकडील घरे गेफेल या नगरात मोडतात, दक्षिणेकडील ट्योपेन या ग्रामसंस्थेत. दोन नगराध्यक्ष, दोन टपालक्रमांक, दूरध्वनीचे दोन क्रमांक. भेटल्यावर नमस्कार करण्याची रीतसुद्धा दोन काठांवर निराळी आहे. म्हणजे १८१० साली जी स्थिती होती, जवळपास तीच आज आहे, आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही.

सीमेपायी जगात पुष्कळ भांडणे होतात, आणि उपाय म्हणून कोणी रेघ इकडे सरकवा म्हणतो, कोणी तिकडे. त्या मागण्यांत न्याय असू शकेल. तो ज्याचा त्याने मागावा. परंतु म्योडलारॉइटची साक्ष काढली तर ती असे सांगते की, रेघ कोठे आहे याइतकेच ती ओलांडता येते की नाही यालाही मोल आहे. ज्या शिवेवरून मुले शाळेत जातात, लेकी सासरी जातात आणि शेजारी शेजाऱ्याला मोकळेपणी हाक मारतो, ती शीव कोणाला जाचत नाही. ती हाक मारणे ज्या दिवशी गुन्हा ठरते, त्या दिवशी उडी मारून ओलांडता येणारा ओढाही समुद्राएवढा रुंद होतो. तो पुन्हा ओढ्याएवढा होण्यास म्योडलारॉइटला सदतीस वर्षे लागली.