अतिथीच्या रूपानें देव

दारीं आलेला अतिथि देवासमान मानावा, ही शिकवण आपणांस नवी नाहीं. आरंभींच्या ख्रिस्ती समाजांत या भावनेला कोणत्या कसोटींतून जावें लागलें, तें आज सांगावयाचें आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणें, आपल्या क्षुद्रांतल्या क्षुद्र भावाला दिलेला आसरा येशू स्वतःलाच मिळाला असें मानतो. परंतु हा भाऊ कोण? केवळ सहधर्मी, कीं कोणीहि मनुष्य?

रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती लोक प्रथम थोडे व विखुरलेले होते. प्रवासांतील बंधूला सहधर्मीयाचें घर हाच आधार असे. पण जेथें श्रद्धा, तेथें तिचा फायदा घेणारेहि येतात. दुसऱ्या शतकांतील उपहासकार लूशियन यानें पेरेग्रिनस नांवाच्या भोंदूचें चित्र रंगविलें आहे. भोळ्या ख्रिस्ती लोकांनीं तुरुंगांतहि त्याची बडदास्त ठेवली, असें तो सांगतो. अशांची धास्ती त्यापूर्वींच्या ‘डिडाखे’ या पुस्तिकेंतहि दिसते. प्रभूच्या नांवानें येणाऱ्या प्रत्येकाचें स्वागत करावें. मात्र फिरता उपदेशक तिसऱ्या दिवशींहि मुक्काम हलवीना, किंवा पैसे मागूं लागला, तर तो खोटा समजावा. सामान्य प्रवाशाला कायमचें राहावयाचें असेल, तर त्यानें काम करून खावें. दार बंद करण्याऐवजीं त्या लोकांनीं डोळे उघडे ठेवले, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पुढें चौथ्या शतकांत या आतिथ्याची सीमा रुंदावलेली दिसते, आणि त्याची साक्ष विरोधकाकडून मिळते. सम्राट जूलियन (राज्यकाल 361–363) याला जुन्या देवांची उपासना पुन्हां प्रस्थापित करावयाची होती. गलातियाच्या मुख्य पुरोहितास त्याच्या नांवानें लिहिलेल्या पत्रांत अशी खंत आहे कीं, ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांबरोबर इतरांच्याहि गरिबांना पोसतात. म्हणून नगरोनगरीं धर्मशाळा उघडण्याची आज्ञा त्यांत दिली आहे.

सहाव्या शतकांत इटलींतील माँते कासिनो येथें बेनेडिक्टनें मठवासीयांसाठीं नियम घालून दिले. त्यांतील 53 वें प्रकरण अतिथींविषयीं आहे. प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त मानावें, मठाधिपतीनें त्याच्या हातांवर पाणी घालावें, सर्वांनीं त्याचे पाय धुवावेत. सहधर्मी व यात्रेकरू यांना विशेष मान द्यावा. परंतु सर्वांत अधिक काळजी गरिबांची घ्यावी, कारण श्रीमंताचा दरारा त्याला मान मिळवून देतोच.

या सूचनेंत सारें मर्म आहे. आपल्या माणसाचा सत्कार सहज होतो, मान्यवराचा आपोआप होतो. ज्याच्याकडून परतफेड संभवत नाहीं, त्याच्यासाठीं दार उघडतांना जो किंचित् विलंब लागतो, तेथेंच श्रद्धेची परीक्षा होते. हा प्रश्न एकदां सुटून संपला नाहीं. प्रत्येक पिढीला तो आपापल्या उंबऱ्यावर नव्यानें भेटत आला आहे.