एकेरी चाबूक : दहाचे दोन

ताई चीच्या बहुतेक वर्गांत सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली जाते. वूडांग पर्वतावर चांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाने करकोचा आणि सापाची झुंज पाहिली, आणि त्यातून ही विद्या जन्मली. गोष्ट झकास आहे. तिची उलटतपासणी घ्यायला मात्र एक वकीलच भेटला. १९३०च्या दशकात शांघायचे वकील तांग हाओ पिवळ्या नदीच्या उत्तरेला, हेनान प्रांतातल्या चेनचियागौ या खेड्यात जाऊन थडकले. तिथल्या चेन घराण्याच्या वंशावळी आणि जुनी टिपणं त्यांनी चाळली. हाती लागला तो सिद्धपुरुष नव्हताच. मिंग राजवट कोसळण्याच्या सुमाराचा, सतराव्या शतकातला चेन वांगटिंग नावाचा शिपाईगडी निघाला. तांग हाओंवर त्या काळातले अनेक उस्ताद भयंकर चिडले, हे सांगायला नकोच. उगमाचा वाद आजही मिटलेला नाही. पण आज जगभर बागांमधून दिसणाऱ्या यांग पद्धतीचा धागा चेनचियागौलाच पोहोचतो, याबद्दल फारसं दुमत नाही.

चेन घराण्याकडेही सगळं घरचं नव्हतं. मिंग काळातला सेनापती छी चीग्वांग याने सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात निःशस्त्र लढतीचे ३२ पवित्रे दिले आहेत. त्यांतले कितीतरी चेन घराण्याच्या फॉर्ममध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत, नावानिशी सापडतात. गंमत अशी, की खुद्द छी चीग्वांगचंच मत होतं की रणांगणावर या हातघाईचा फारसा उपयोग नाही. अंग मोकळं व्हायला आणि नवशिक्याची तयारी करून घ्यायला ती बरी. ताई ची ‘मूळची युद्धकला, पुढे तिचा व्यायाम झाला’ असं हळहळून सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

या ३२ पवित्र्यांमध्ये एकेरी चाबूक आहे. आज यांग पद्धतीत तो असा करतात : उजव्या हाताची पाचही बोटं एकत्र जुळवून खाली वळवायची, मनगट खांद्याच्या उंचीला. मग डावा पाय पुढे टाकायचा, टाच आधी टेकवायची, वजन हळूहळू त्यावर घ्यायचं आणि त्याच ओघात डावा तळवा चेहऱ्यासमोरून फिरवत बाहेर उघडायचा. सांगायला चार ओळी लागतात. करताना मात्र उजवा खांदा हमखास वर चढतो, डावा गुडघा आत पडतो, आणि दोन्ही सांभाळावेत तर कंबर वळायचीच राहून जाते.

चेनचियागौबाहेर ही विद्या आणली यांग लूचान (१७९९–१८७२) याने. तो हपेई प्रांतातल्या योंगन्येनचा. चेन चांगशिंगच्या हाताखाली शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये मांचू सरदारांच्या घरी शिकवू लागला. रात्री भिंतीच्या फटीतून चोरून पाहत शिकला, वगैरे आख्यायिका आहेतच. असल्या कथांचं पीक आपल्याकडेही कमी नाही.

खरी उलथापालथ त्याच्या नातवांच्या पिढीत झाली. १९११-१२ मध्ये छिंग राजवट गेली, सरदारांचे वाडे ओस पडले आणि उस्तादांना नवा आश्रय शोधावा लागला. बीजिंगच्या शारीरिक शिक्षण संस्थेत ताई ची चारचौघांना शिकवायला सुरुवात झाली. थोरला नातू यांग शाओहौ आखूड, वेगवान हालचाली शिकवायचा आणि शिष्यांना बेदम हाणायचा. त्याच्याकडे शिष्य टिकले नाहीत. धाकटा चंगफू (१८८३–१९३६) धिप्पाड आणि मवाळ स्वभावाचा. त्याने उड्या, पाय आपटणं, झटके काढून टाकले. सगळा फॉर्म मोठ्या, संथ, एकसारख्या गतीचा केला. १९२८च्या सुमारास तो दक्षिणेकडे गेला आणि १९३४ मध्ये छायाचित्रांसह त्याचं पुस्तक निघालं. आज आपण जिला ‘प्राचीन संथ ताई ची’ म्हणतो तिचं वय एवढंच, जेमतेम शंभर वर्षं. १९२८ मध्येच चेनचियागौचा चेन फाके बीजिंगला आला. त्याच्या फॉर्ममध्ये पाय आपटणं आणि मध्येच उसळणारा जोर शाबूत होता.

हा काळच तसा होता. इकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेत होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे गेलं होतं, आणि चीनचं पथकही आपल्या युद्धकलांची प्रात्यक्षिकं दाखवत होतं. अंगमेहनतीतून राष्ट्र उभं करायचं, ही धून दोन्हीकडे एकच.

चंगफूच्या कात्रीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यामुळे गुडघे दुखणारी माणसंही ताई ची करू लागली. दुसरी कात्री मात्र मला खटकते. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग फॉर्ममधून २४ हालचालींचा संच तयार केला. पंचवीसेक मिनिटांचा फॉर्म पाच-सहा मिनिटांवर आला. शाळा-कारखान्यांत कोट्यवधींना शिकवायचं तर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे मान्य. पण काढलं काय? मुख्यतः पुनरावृत्ती. मोठ्या फॉर्ममध्ये एकेरी चाबूक दहा वेळा येतो, त्यात एक तिरका. २४ च्या संचात दोनदाच. मोठा फॉर्म कुणी ८५ मोजतो, कुणी १०३, कुणी १०८, तेही याच पुनरावृत्तीमुळे : फॉर्म तोच, मोजायची रीत वेगळी. पहिल्या चाबकात चढलेला खांदा तिसऱ्यात लक्षात येतो, सातव्यात कधीमधी खाली उतरतो. दोनच चाबूक असले, तर चूक कळेपर्यंत फॉर्म संपलेला असतो. वर्षानुवर्षं तोच फॉर्म करणाऱ्यांना जे मिळतं ते या परतफेरीत मिळतं, म्हणून ही कात्री मला फाजील वाटते.

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिलं. यादीत नाव आल्याने फॉर्म टिकत नाही, तो करावा लागतो. तेव्हा २४ हालचाली बसल्या म्हणून तिथेच थांबू नका. मोठ्या फॉर्मचे तीन भाग आहेत आणि पहिला काही मिनिटांतच होतो. तो शिकवणारा गाठा, वर्षभर तेवढाच करा. उरलेल्या दोन भागांची घाई नाही.