शिसपेन्सिलीतले थर

शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे आपण जाणताच. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. ही गफलत एकट्या मराठीची नाही. कागदावर काळी रेघ ओढणारी, बोटांना ओशट लागणारी खनिजे युरोपातही दीर्घकाळ शिशाच्या घरातलीच समजली जात. मॉलिब्डेनम या नावाचे मूळही शिशाच्या ग्रीक नावात आहे. मॉलिब्डेनाइट हे ग्रॅफाइटहून वेगळे खनिज आहे, हे १७७८ मध्ये कार्ल शेले या औषधनिर्मात्याने स्वीडनमध्ये दाखवले. दिसण्यातले साम्य मात्र पोकळ नव्हते. दोन्ही खनिजे वहीच्या पानांसारखी थरांची बनलेली आहेत. ग्रॅफाइटच्या थरात शेजारच्या अणूंमधले अंतर १.४२ अँगस्ट्रॉम, तर दोन थरांमधले ३.३५. थर एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून तर पेन्सिल लिहिते.

अशा थरांतून वीज कशी वाहते? या प्रश्नाचा इतिहास बहुधा २००४ पासून सांगितला जातो: मँचेस्टरचे आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोव्होसेलॉव्ह, साधी चिकटपट्टी, एका अणूइतक्या जाडीचा ग्रॅफाइटचा पापुद्रा आणि २०१० चे नोबेल. गोष्ट खरी आहे, रंजकही आहे. पण तिच्या आधीचा एक मोठा टप्पा कोलकात्याचा आहे आणि तो गाळला की इतिहास लंगडा होतो.

रामन यांच्याबरोबर १९२८ च्या शोधात सहभागी असलेले के. एस. कृष्णन १९३३ मध्ये ढाक्याहून कोलकात्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत परतले. त्यांची पद्धत ऐकायला सोपी, करायला जिकिरीची. स्फटिक क्वार्ट्झच्या अतिशय बारीक धाग्याला टांगायचा, चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सोडायचा आणि धाग्याला वरून पीळ देत जायचे. एका ठरावीक पिळाला स्फटिक एकदम उलटतो. त्या कोनावरून कोणत्या दिशेला चुंबकत्व किती, हे काढता येते. ग्रॅफाइट चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करते. कृष्णन यांना आढळले, की क्षेत्र थरांना लंब असेल तेव्हाचा विरोध थरांना समांतर असतानाच्या सुमारे ४० पट असतो. १९३९ मध्ये एन. गांगुली यांच्यासह त्यांनी विजेचे मोजमाप प्रसिद्ध केले: थरातून वीज जितकी सहज वाहते, त्या मानाने थरांच्या आरपार तिची वाहकता सुमारे दहा हजारपटींनी कमी.

यावरून त्यांनी मांडले, की ग्रॅफाइटमधले मोकळे इलेक्ट्रॉन थरापुरतेच हिंडतात आणि असा इलेक्ट्रॉन प्रत्येक अणूमागे एक असतो. पहिला भाग टिकला. दुसरा टिकला नाही. खरे मोकळे इलेक्ट्रॉन फारच थोडे निघाले. १९४७ मध्ये फिलिप वॉलेस यांनी एका थराचे गणित मांडले आणि त्या वाटेने १९५६ मध्ये मॅक्ल्युअर यांनी त्या मोठ्या चुंबकीय विरोधाचे कारण सांगितले. कृष्णन यांच्या स्पष्टीकरणापेक्षा त्यांचे मोजमाप दीर्घायुषी ठरले. माझ्या मते यात त्यांना कमीपणा मुळीच नाही. मॅक्ल्युअर यांच्यापुढे उलगडायला कोडे होते, ते या मोजमापामुळेच.

आता मॉलिब्डेनाइटकडे वळू. चिकटपट्टीही २००४ ची नव्हे, बरे का! १९६० च्या दशकात रॉबर्ट फ्रिंट तिनेच मॉलिब्डेनाइटचे पापुद्रे सोलत होते आणि १९६६ पर्यंत मोजक्याच थरांपर्यंत पोहोचले होते. ग्रॅफाइटच्या एकट्या थरातली वीज पुरती बंद करता येत नाही, त्यामुळे संगणकाच्या कळीसाठी तो गैरसोयीचा. मॉलिब्डेनाइट अर्धवाहक आहे. त्यात इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट असते आणि एकट्या थरात ती आणखी रुंदावते. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या प्रयोगशाळेने अशा एका थराचा ट्रान्झिस्टर केला. त्याच्या चालू आणि बंद अवस्थांतल्या प्रवाहांत दहा कोटी पटींचा फरक होता.